दाजी, मी सावकाश आलो नाही

दाजी, ताई कालपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती. परवा गंगेवर रामकुंडाशी तुमचा दहावा झाला. तिथे मी तिच्या हाताच्या अंतरावर उभा होतो आणि तिने तांब्या मागितला तो काकांच्या बाळूकडे. तुम्हाला पुरलं तुमच्या पद्धतीने, दहावा केला आईच्या हट्टाने, दोन्हीकडे माणसं मावेनात, आणि दोन्हीकडे लोक माझ्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मखमलाबाद नाक्यावर माझ्या दुकानात मोटार रिवाइंडिंगला टाकून गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा म्हणालं, "चालू मॅचमध्ये शिरले ते तुम्हीच का?" मीच.

तुम्ही असता तर कोणाची बाजू घेतली असती, याची मला खात्री नाही. म्हणून तर लिहायला बसलोय. आपला वाद अर्धा राहिलाय, आणि अर्धा वाद टाकून उठणारे तुम्ही नव्हतात. जेवण गार व्हायचं, आई ओरडायची, तरी तुमचं "थांब शाम, अजून हाय" चालूच असायचं.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ते अजून डोळ्यासमोर आहे. ताई तेव्हा गोव्यात एका फुटबॉल क्लबाची फिजिओथेरपिस्ट. तुमचा गुडघा दुरुस्त करता करता तिने माणूसच उचलून घरी आणला, असं आबा चारचौघांत सांगायचे. रोमानियात पहिल्या डिव्हिजनला खेळलेला माणूस आपला जावई होतोय याचं त्यांना कौतुक होतं, पण काळजी भलतीच होती. "गोल किती केले यांनी?" असं त्यांनी मला विचारायला लावलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "एक. आपल्याच पोस्टमध्ये." आबांनी दोन दिवस लग्नाचं नावच काढलं नाही. मग मी त्यांना समजावलं की हे स्टॉपर आहेत, यांचं काम गोल करायचं नसतं, होऊ द्यायचा नसतो. आबा म्हणाले, "म्हणजे राखणीला बसल्यासारखं." तुम्हाला ते इतकं आवडलं की नंतर कोणीही विचारलं की तुम्ही काय करायचात, तर तुम्ही सांगायचात, राखण.

खाणीच्या गावातला क्लब, तिथून राजधानीतला मोठा क्लब जिथे तुम्ही बहुतेक बाकावरच बसलात, पुन्हा एक लहान क्लब, एक हंगाम सायप्रस, आणि गुडघा निम्मा उरलेला असताना गोवा. तुमचं सगळं करिअर तुम्ही एवढ्या ओळीत संपवायचात. पण ते तुमच्या अंगातून कधी गेलं नाही. लग्नाच्या फोटोत तुम्ही सगळ्यांच्या मागे, कडेला, सगळी माणसं नजरेत राहतील असे. पंचवटीत भाजी घेतानाही पाठ कधी रस्त्याकडे नाही. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना तुम्ही शिकवलं होतं की समोरच्याच्या पायाकडे बघू नका, कमरेकडे बघा. पाय खोटं बोलतो, कंबर नाय बोलत. मराठी तुम्ही माझ्या आईकडून शिकलात, त्यामुळे बोलायचात गावाकडचं, आणि आबांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे. कोणाला राग आला नाही. सोरिन हे नाव ताईच्या तोंडी, गल्ली तुम्हाला दाजीच म्हणायची, ज्यांच्या बहिणींशी तुमचा काही संबंध नव्हता तेही.

आपला वाद सुरू झाला तो आबा गेले त्या दिवसावरून.

तुम्ही मुंबईत कोचिंगच्या शिबिराला होता. काकांनी तुम्हाला फोन केला आणि आपल्याकडे सांगतात तसं सांगितलं. आबांना जरा बरं नाही, निघून या, पण सावकाश या. आपल्याकडे हे ऐकलं की माणूस समजून जातो. जिवंत माणसासाठी लोक "पळा, लवकर या" म्हणतात. सावकाश या म्हणाले की घाई संपलेली असते. तुम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही शिबिरातल्या ओळखीच्या एका हृदयाच्या डॉक्टरला हाताला धरून गाडीत घातलंत आणि कसारा घाट चढताना पुन्हा फोन केलात की आबांचं बीपी किती आहे, डॉक्टर विचारतायत. फोन काकांनीच घेतला. आबांना आंघोळ घालून झाली होती. काका म्हणाले, "लो आहे."

तुमची गाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली तेव्हा बाहेर टोप्या घालून माणसं बसलेली, आणि डॉक्टर हातात बॅग घेऊन नुसते उभे. मला आजही ते आठवलं की हसावं की काय करावं ते कळत नाही. तुम्ही हसला नाहीत. दहाव्याला रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही मला म्हणालात, "शाम, मी घाटात देवाला मागत होतो, ह्याला जगव. लय मागितलं. आणि तो मेलेला होता. तुम्ही मला फसवलं नाय, त्या मागण्याला फसवलं."

मी काकांची बाजू घेतली. म्हटलं, दाजी, गाडी तुमच्या हातात होती, घाट होता. खरं सांगितलं असतं आणि तुम्ही दरीत गेला असता तर? तुम्ही म्हणालात, "गाडी बाजूला घेतली असती. रडलो असतो. मग चालवली असती. मला ठरवू दे ना."

आणि मग तुम्ही ती मॅच सांगितलीत. तेव्हा तुम्ही खाणीच्या गावच्या क्लबात होता. हंगामातली शेवटची मॅच, हरलो तर क्लब खालच्या डिव्हिजनला जाणार. सकाळी तुमचे वडील गेले. गावातून क्लबाला फोन आला. कोचने ठरवलं की मॅच संपेपर्यंत सांगायचं नाही. पूर्ण टीमला माहीत, डॉक्टरला माहीत, पाणी देणाऱ्या माणसालाही माहीत. तुम्ही म्हणालात की तुम्हाला कसली तरी कुणकुण लागली होती, पण काय ते समजेना, कारण मधल्या सुट्टीत पाणी देणाऱ्याने बाटली दिली ती जमिनीकडे बघत. तुम्ही ती मॅच आयुष्यात कधी खेळला नव्हता अशी खेळलात. क्लब वाचला, लोकांनी खांद्यावर घेतलं. खाली उतरवल्यावर कोचने बाजूला नेऊन सांगितलं. तुम्ही एकच विचारलंत, "तुला कधी कळलं?" तो म्हणाला, सकाळी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गावी पोचलात. गावाने रेडिओवर मॅच ऐकली होती, तुमचं नाव पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. तुमच्याकडे माती दिल्यावर येईल त्याला जेवायला वाढतात, वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही. तुमच्या आईने सगळ्यांना वाढलं आणि तुम्हाला वाढलं नाही. का ते तुम्ही विचारलं नाहीत. पुढे शेजाऱ्याकडून कळलं की क्लबाने गावाला कळवलं होतं, मुलाला सांगितलंय, पण तो म्हणतो मी खेळूनच येतो.

"मग तुम्ही आईला खरं सांगितलं की नाही?" मी विचारलं.

"नाय."

इथून आपल्या वादाची गाडी उलटी फिरली. बाकी सगळ्यांनी तोंडावर खरं सांगायचं आणि तुम्ही स्वतःच्या आईपासून एवढी मोठी गोष्ट लपवायची, हे मला काही केल्या पटेना. दर रविवारी तिचा फोन यायचा, तुम्ही तासभर बोलायचात, हवापाणी, मनुका, शेजाऱ्याची गाय, सगळं बोलायचात. फोन ठेवला की मी विचारायचो, "सांगितलं?" तुम्ही म्हणायचात, "आता काय सांगायचं, म्हातारी झाली. आणि तू पण सांगायचं नाय." मी चिडून म्हणायचो की मग काकांना कशाला बोल लावता, तुम्हीही आमच्यातलेच झालात. त्यावर तुम्ही पानात बघून भाकरी मोडायचात.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुम्ही तिथे नव्हता. म्हणजे तिथेच यायला निघाला होता.

तुमच्या लेकीची, अनूची मॅच. जिल्ह्याच्या मुली, समोर तगडी टीम, आणि राज्याच्या संघासाठी बघायला आलेले निवडीचे लोक मंडपात खुर्च्या टाकून बसलेले. वर्षभर तुम्ही तिला पहाटे मैदानावर नेत होता ते याच्यासाठी. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या रेषेजवळ. तुमची जागा कोपऱ्यातल्या झेंड्यामागे, अनू राखत असेल त्या बाजूला. मधल्या सुट्टीनंतर बाजू बदलली की तुम्हीही चालत पलीकडे जायचात. त्या दिवशी झेंड्यामागे कोणी नव्हतं. तुम्ही पोरींसाठी मोसंबी घ्यायला मार्केटला गेलात हे मला माहीत होतं. अनू दर थोड्या वेळाने तिकडे बघत होती.

दुसरा हाफ सुरू झाला होता, दोन्हीकडे शून्य. बाळूचा फोन आला. "शाम, दाजींना जरा बरं नाय वाटत. मार्केटात मोसंबी घेता घेता खाली बसले. रिक्षावाल्यांनी दवाखान्यात आणलं. तू ये अनूला घेऊन. पण मॅच होऊ दे. सावकाश ये."

मी म्हटलं, ताईला दे. ताईने फोन घेतला. मी विचारलं, "आहेत का?" ती म्हणाली, "तिला सांगू नको. निवडीचे लोक आलेत ना? होऊ दे तिचं. सोरिनला हेच हवं होतं रे." तिचा आवाज अगदी कोरडा होता. फोन बंद झाला.

मी तिथेच उभा. ताई चूक नव्हती. तुम्हाला तेच हवं होतं. आणि इतकी वर्षं मीच तुमच्याशी भांडलो होतो की सांगू नये, माणसाला हातातलं काम पुरं करू द्यावं. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं, फक्त माझ्या बाजूने उभं राहायचं होतं. अनूने कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात वर केला. त्या हाताचा तिने काय अर्थ घेतला कोण जाणे, पण ती मान हलवून पुन्हा खेळायला लागली.

तेवढ्यात बाळूने टीमच्या सरांनाही फोन केला होता. बाळूच तो. सरांचा चेहरा उतरला, त्यांनी बाकावरच्या पोरींना काहीतरी सांगितलं, एकीने तोंडावर टॉवेल धरला. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मामा, थोडाच वेळ राहिलाय. पोरगी जबरदस्त खेळतेय. थांबा." खेळ जरा थांबला होता तेव्हा अनू पाणी प्यायला रेषेपाशी आली. बाकावरच्या मुलीने तिला बाटली दिली. दिली ती जमिनीकडे बघत.

मी ते बघितलं. तुम्ही रामकुंडाच्या पायरीवर बसून जे सांगितलं होतं ते माझ्यासमोर जसंच्या तसं घडत होतं. बाकावर आता सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिलाच नव्हतं. तरी मी लगेच गेलो नाही. समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला होता, सगळ्या मुली गोलपुढे गोळा झालेल्या, अनू हात वर करून प्रत्येकीला तिची जागा दाखवत होती. तो कॉर्नर होईपर्यंत मी थांबलो. तिने डोक्याने बॉल बाहेर काढला, समोरच्या मुलीला लागून तो रेषेबाहेर गेला, थ्रो घ्यायला ती स्वतः आली. बॉल तिच्या हातात होता. मी चपला घालून मैदानात शिरलो. रेफरीने शिट्टी वाजवली, मंडपातले लोक उभे राहिले, सर मागून ओरडत होते.

मी म्हटलं, "अनू, हातातला बॉल खाली ठेव."

"का?"

"ठेव आधी."

तिने ठेवला. मी म्हटलं, "बाबा गेले. मोसंबी घ्यायला गेले होते, तिथेच पडले. दवाखान्यात नेलं, पण गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि दाजी, तुमच्या मुलीने तेच विचारलं. तुम्ही तिला ती गोष्ट सांगितली नव्हती हे मला माहीत आहे, तरी तेच. "तुला कधी कळलं?"

"कॉर्नरच्या आधी."

"म्हणजे मी कॉर्नर काढत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो," मी म्हणालो. मग तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं ते मी तिला विचारलं. "खेळायचं असेल तर खेळ. यायचं असेल तर गाडी बाहेर उभी आहे. तू सांग."

तिने एकदा झेंड्याकडे बघितलं. बॉल उचलला, शेजारच्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "नऊ नंबर डावीकडून वळते. कंबर बघ तिची." आणि चालत बाहेर आली. पळाली नाही. मीच मागे धावत होतो. गाडीत तिने मला एकदाच सांगितलं, "मामा, सावकाश नको चालवू." मी सावकाश चालवली नाही.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही. नऊ नंबर डावीकडूनच वळली आणि गोल झाला. मॅच गेली. राज्याच्या यादीत अनूचं नाव नाही. निवडीतल्या एकाने सरांना सांगितलं म्हणे की पोरीला आम्ही पक्कं धरलं होतं, पण मॅच सोडून गेलेल्या खेळाडूचं काय लिहिणार. दवाखान्याच्या दारात अनूला बघताच ताईला समजलं की तिला माहीत आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंसं सांगितलं होतं तुला." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

मी चूक केली असं मला सकाळी वाटायचं, दुपारी नाही वाटायचं, संध्याकाळी पुन्हा वाटायचं. तुमच्यासाठी मी तुमच्या पोरीचं नुकसान केलं का? एका जुन्या मॅचचा हिशेब मी तिच्या मॅचमध्ये चुकता केला का? अनूला विचारायची हिंमत होत नव्हती. ती बोलायची, पण चहा हवा का, पाणी आलं का, एवढंच. मला तुमचा राग येत होता, दाजी. मरताना माणूस निदान आपला वाद तरी बरोबर घेऊन जातो, तुम्ही तो माझ्या गळ्यात टाकून गेलात.

काल रविवार. मी आईला सोडायला तुमच्याकडे आलो होतो. पानं वाढायची तयारी चालली होती, मला कोणी बस म्हटलं नव्हतं, मी दाराशी. कपाटावर तुमचा फोन वाजला. तुमच्या आईचा, चर्चमधून आल्यावर येतो तो. ताईने तो वाजताच हातात घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गेल्या रविवारी काकांनी ताईला बजावलं होतं की म्हातारीला एकदम सांगू नका, आणि ताईने तोडक्यामोडक्या बोलण्यात सांगितलं होतं की सोरिनचा घसा बसलाय.

अनूला हे माहीत नव्हतं. तिने विचारलं, "आजीला सांगितलंय ना?"

शेवटी आई म्हणाली, "अगं, लय वय झालंय तिचं. एकटी हाय. हळूहळू सांगू."

अनूने ताईच्या हातातून फोन घेतला. तुमच्या भाषेत एक लहानसं वाक्य बोलली आणि थांबली. ती का थांबली ते मला तेव्हा कळलं नाही. मग अजून एक लहान वाक्य बोलली. नंतर मी तिला विचारलं की आधी काय म्हणालीस. ती म्हणाली, "हातातलं खाली ठेव म्हटलं. आजी फोनवर बोलताना नेहमी काहीतरी सोलत असते. सुरी असते हातात." दाजी, आठ-दहा दिवस मी ज्याची वाट बघत होतो ते मला मिळालं होतं.

पण ते नंतर. तेव्हा पलीकडून म्हातारी बोलायला लागली होती. अनू उत्तरं देत होती. मग तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "मामा, आजीने विचारलं, तू कुठे होतीस. म्हटलं, खेळत होते, मामाने मैदानात येऊन सांगितलं, मी लगेच निघाले. तर ती विचारतेय, बाबाला तेव्हा असं कोणी येऊन सांगितलं नव्हतं का? कशाबद्दल विचारतेय ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. तुम्ही मला बजावलं होतं, तू पण सांगायचं नाय. मी तुमचं ऐकलं नाही, दाजी. दहा-बारा दिवसांत दुसऱ्यांदा मी कोणाचंतरी ऐकलं नाही. मी म्हटलं, "सांग आजीला, त्याला मॅच संपल्यावर सांगितलं. टीमला माहीत होतं, पाणी देणाऱ्यालाही माहीत होतं. खेळायचं का, हे त्याला कोणी विचारलंच नाही."

अनूने सांगितलं. सावकाश, एकेक शब्द नीट लावून. पलीकडे म्हातारी एकच वाक्य बोलायला लागली. तेच, पुन्हा तेच. अनूचे डोळे भरून आले, मॅचच्या दिवसापासून पहिल्यांदाच. मी विचारलं, काय म्हणतेय?

"म्हणतेय, मी त्याला वाढलं नव्हतं. सारखं तेच म्हणतेय. सगळ्यांना वाढलं, त्याला वाढलं नव्हतं."

ताईने फोन अनूच्या कानाला तसाच राहू दिला आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली ती दोन ताटं घेऊन. एक तिने तुमच्या जागेवर ठेवलं, भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड असलेल्या. दुसरं हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"बस," ती म्हणाली. "जेवून जा."